घरचा सूर आणि बाजारचा आवाज

मंडळी, समजा, तुमच्या शाळेत पाच-सहा मुली गोड गळ्याच्या आहेत. त्यांनी जात्यावरच्या ओवीच्या चालीवर एक गाणे बसवले. एकीने ढोलकी धरली, एकीने टाळ. गुरुजींनी वर्गाची दारे-खिडक्या लावून घेतल्या आणि ते गाणे मोबाईलवर मुद्रित केले. वर्गात ऐकले तेव्हा सगळ्यांना आवडले. मग स्नेहसंमेलनाचा दिवस उजाडला. मंडपातल्या स्पीकरवर सिनेमाचे एक गाणे वाजून संपले आणि त्याच्या पाठोपाठ मुलींचे गाणे लागले. अन् झाले काय? गाणे सुरू झाले की नाही, हेच लोकांना कळेना! मागून कोणीतरी ओरडले, "अहो, आवाज वाढवा की!" आवाज वाढवला, तर ढोलकीची थाप कानात बसू लागली आणि मुलींचा गळा होता तिथेच, मागे. मुली हिरमुसल्या. आपले गाणेच कमअस्सल, असे त्यांच्या मनाने घेतले.

आता यात चूक कोणाची? मुलींची नव्हे, गुरुजींचीही नव्हे. मोबाईलही बिचारा त्याच्या परीने बरा होता. बाजारातल्या गाण्याचा आवाज मोठा का आणि घरच्या गाण्याचा बारीक का, या साध्या प्रश्नामागे जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो आज थोडक्यात पाहू. त्यात आपल्या नगर जिल्ह्याचाही वाटा आहे. २०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. पण जुन्या गोष्टी सांगताना तोंडात 'नगर' येणारच, तेवढे चालवून घ्या.

यंत्र नव्हते तेव्हा माणसे काय करीत होती, ते आधी पाहू. नेवाशाला शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये ज्ञानेश्वर महाराजांनी गीतेवर निरूपण केले. ज्या खांबाला टेकून ते बसत, तो खांब आजही तिथे दाखवतात. समोर श्रोते, मध्ये दुसरे काही नाही. बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याचा चेहरा दिसत होता. मागच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू येईना, असे वाटले तर निरूपणकार आवाज चढवी, किंवा थांबे. तिथे आवाजाचे माप श्रोत्याच्या चेहऱ्यावर होते.

पुढे शाहिरांचा काळ आला. अनंत फंदी हे आपल्या संगमनेरचे. जन्म १७४४ चा, मृत्यू १८१९ चा. उघड्या माळावर, पटांगणात, शे-दोनशे माणसांपुढे लावणी-पोवाडा म्हणायचा, तर नुसता गोड गळा भागत नाही. शाहिराजवळ त्यासाठी युक्त्या होत्या.  तुणतुण्याचा सूर बारीक पण टोकदार, म्हणून तो गर्दीतही निघे. आणि शाहिराचा दम संपला की झीलकरी तोच सूर उचलून धरीत. म्हणजे आवाज खाली पडूच द्यायचा नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे यंत्रांनीही नेमके हेच केले.

याच अनंत फंदींची एक कथा परंपरेने सांगतात. अहिल्याबाई होळकर या आपल्याच जिल्ह्यातल्या चोंडीच्या लेक. त्यांनी फंदींना सांगितले म्हणे, की तुमची ही वाणी तमाशात कशाला खर्ची घालता, ती देवाच्या कामी लावा. फंदींनी तमाशा सोडला आणि ते कीर्तनाला उभे राहिले. कथा कथेच्या जागी असू द्या. पण आवाज लोकांपर्यंत पोहोचला, तर तो काय घेऊन पोहोचला, हा प्रश्न तेव्हाही होता, एवढे तीवरून दिसते.

आता यंत्राकडे वळू. १८७७ साली एडिसनने अमेरिकेत फोनोग्राफ केला आणि माणसाचा आवाज पहिल्यांदा साठवून पुन्हा ऐकता आला. दहा वर्षांनी बर्लिनरने सपाट तबकडीची युक्ती काढली. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गाइसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या तबकडीच्या शेवटी गौहरजान इंग्रजीत आपले नाव मोठ्याने सांगतात. त्याचे कारण मजेशीर आहे. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हानोव्हर गावी. तिथल्या माणसाला गाणे कोणाचे हे कळावे कसे? म्हणून गाणाऱ्यानेच नाव पुकारायचे!

तेव्हा वीज वापरात नव्हती. गवयापुढे एक मोठा पत्र्याचा कर्णा असे. त्याच्या तोंडात गायचे. आवाजाच्या धक्क्याने दुसऱ्या टोकाचा पडदा हले, पडद्याने सुई हले आणि सुई मेणावर रेघ ओढी. सगळी ताकद गळ्याचीच. हळू गायले तर रेघ उमटत नसे आणि फार जोरात गायले तर सुई उसळून रेघ बिघडे. तेव्हा वरच्या सुरावर गवयाने तोंड मागे घ्यायचे आणि खालच्या सुरावर पुढे आणायचे. तंबोऱ्याचा मंद सूर तर त्या कर्ण्याला ऐकूच येत नसे. युरोपात व्हायोलिनलाच एक कर्णा बसवून घेतला होता. असे सगळे करून तीन मिनिटांत राग संपवायचा. म्हणजे ज्याचा गळा खणखणीत, तो तबकडीवर उमटला. ज्याची गंमत हळू बोलण्यात होती, तो मागे राहिला. यंत्राने कोणाला पुढे काढावे आणि कोणाला मागे ठेवावे, हा खेळ तिथून सुरू झाला.

मग आले १९२५ साल. या सालाची खूणगाठ बांधा. याच वर्षी विजेवरचे ध्वनिमुद्रण बाजारात आले. कर्णा गेला आणि मायक्रोफोन आला. याच वर्षी राइस आणि केलॉग या दोघा अमेरिकनांनी आजच्या धर्तीच्या ध्वनिक्षेपकाची रचना जाहीर केली. आणि योगायोग असा, की याच वर्षी, १० जुलैला, नगरपासून जवळच अरणगावच्या मेहेराबादला मेहेरबाबांनी मौन धरले. १९६९ च्या ३१ जानेवारीला त्यांचे देहावसान झाले, तोवर ते सोडले नाही. अक्षरांच्या फळीवर बोट फिरवून आणि पुढे खुणांनी ते बोलत आणि लोक दुरून ते 'ऐकायला' येत. जगाचा आवाज मोठा व्हायला लागला, त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात एका माणसाने आवाज अजिबात बंद केला आणि तरी त्याचे म्हणणे पोहोचायचे राहिले नाही. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण एकत्र आठवल्या म्हणजे माणूस जरा विचारात पडतो.

मायक्रोफोनने दोन उलट गोष्टी केल्या. एक म्हणजे, मोठा आवाज फार मोठा करता येऊ लागला. स्वातंत्र्याच्या चळवळीतल्या सभांची जुनी छायाचित्रे पाहा. पुढाऱ्यांसमोरच्या मायक्रोफोनवर 'शिकागो रेडिओ' अशी अक्षरे दिसतात. नाव अमेरिकेचे, पण कंपनी इथल्याच मोटवानी कुटुंबाची. तमाशाच्या तंबूतही पुढे ध्वनिक्षेपक आले. संगमनेरला राहिलेल्या आणि २०२१ मध्ये तिथेच निवर्तलेल्या कांताबाई सातारकर यांच्यासारख्या कलावंतांनी तंबूतल्या फडाचा तो काळ गाजवला.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. मायक्रोफोनमुळे हळू गाता येऊ लागले. आपले मराठी भावगीत हे त्याचेच लेकरू. जी. एन. जोशी, गजानन वाटवे यांचे गाणे शेजारी बसून कानात सांगितल्यासारखे. पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झाले आणि १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर त्या केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण झाले. एकूण छप्पन्न गीते. त्यांतला एकही शब्द ओरडून सांगावा लागला नाही, आणि तरी सारा महाराष्ट्र रेडिओजवळ गोळा झाला.

पण रेडिओजवळ गोळा होणे, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नव्हती हो. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे काढली. आठवड्यातून दोन संध्याकाळी, अर्धा-अर्धा तास, असे वीस कार्यक्रम झाले. गावातली वीसेक माणसे एका रेडिओभोवती बसत, ऐकत, मग आपसांत चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून पाठवीत. प्रयोग चांगला झाला म्हणून १९५९ साली ही योजना देशभर नेली.

आता ती जागा डोळ्यांसमोर आणा. सांजवेळ. गोठ्यात गुरे हंबरताहेत, पलीकडे पोर रडते आहे, रेडिओत खरखर आहे. अशा वेळी वक्ता एक वाक्य मोठ्याने आणि दुसरे तोंडातल्या तोंडात बोलला, तर दुसरे वाक्य हरवलेच म्हणायचे. म्हणून नभोवाणीच्या अभियंत्याला काळजी घ्यावी लागे. त्याचा हात बटणावर आणि नजर काट्यावर. काटा पडला की उचलायचा, चढला की दाबायचा. काटा हद्दीपलीकडे गेला तर प्रक्षेपकावर आवाज फाटतो. पुढे हे काम आपोआप करणारी यंत्रे आली. त्यांना आवाज आवळणारी यंत्रे म्हणू, म्हणजे काँप्रेसर. त्यांचेच दुसरे भावंड म्हणजे लिमिटर. ते एका ठरावीक रेषेच्या वर आवाजाला जाऊच देत नाही.

हे आवळणे म्हणजे काय, ते आपल्या नगरी भाषेत सांगतो. आपला जिल्हा उसाचा. लोणीजवळचा प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामापासून सुरू आहे. तेव्हा उसाची गाडी कोणी पाहिली नाही, असे नाही. आता ही गाडी गावाच्या वेशीतून न्यायची आहे. वेशीची उंची ठरलेली. गाडी अर्धीच भरलेली आहे, पण एकच ऊस उभा राहिलाय. तो वेशीला अडतो. गाडी बाहेरच थांबते. गाडीत माल कमी असून गाडी जात नाही! आता तो ऊस आडवा करा, मोळ्या नीट रचा, दोरीने आवळा. त्याच वेशीतून दुप्पट माल आत जातो.

मुलींच्या गाण्यात उभा ऊस कोणता? ढोलकीची थाप. ती क्षणभरच वाजते, पण वेशीला तीच आधी लागते. गळा मात्र खाली अर्ध्यावर राहतो. आपला कान आवाजाची उंची क्षणभराच्या टोकावरून मोजत नाही. सरासरीने किती माल भरला आहे, त्यावरून मोजतो. बाजारातल्या गाण्यात टोके आडवी करून सगळा माल वेशीपर्यंत भरलेला असतो. म्हणून तो आवाज मोठा वाटतो. वेस दोघांचीही तेवढीच.

कानाची आणखी एक खोड आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली ती मोजून दाखवली. आपला कान सगळे सूर सारखे ऐकत नाही. घुमणारा खर्ज त्याला कमी ऐकू येतो आणि लहान मुलाच्या रडण्यासारखा मधला-वरचा सूर चटकन ऐकू येतो. शाहिराचे तुणतुणे गर्दीतून निघे, ते याचमुळे. आणि दुसरे असे, की तेच गाणे जरा मोठ्याने लावले तर कानाला ते 'चांगले' वाटते. दुकानदारांनी ही खोड बरोबर ओळखली.

अमेरिकेत हॉटेलांतून पैसे टाकून वाजवायच्या पेट्या होत्या. पेटीतली आपली तबकडी शेजारच्या तबकडीपेक्षा मोठ्याने वाजावी, म्हणून कंपन्या रेघ खोल आणि रुंद कापू लागल्या. पण तबकडीला मर्यादा होती. रेघ रुंद केली की गाण्याचा वेळ कमी होई आणि फार रुंद केली की सुई उडे. नंतर कॅसेट आली. फिलिप्सने ती १९६३ साली काढली आणि १९८० नंतर आपल्याकडे खेडोपाडी पोहोचली. एस.टी. स्टँडवरच्या टपरीवर भक्तिगीते, भीमगीते, लोकगीते वाजू लागली. कॅसेटने फार मोठे काम केले. ज्यांना मोठ्या कंपनीचा दरवाजा कधी उघडला नसता, त्यांचाही आवाज घराघरांत गेला. कॅसेटलाही मर्यादा होती. हळू मुद्रित केले तर फितीची खसखस वर येई, जोरात केले तर आवाज फाटे.

१९८२ साली चकचकीत सीडी बाजारात आली. खसखस नाही, सुई नाही. आता हळू सूर हळूच ऐकू येतील, असे वाटले होते. झाले उलटे. सीडीत वेस अगदी ठाम असते, तिच्या वर एक केसही जाता येत नाही. १९९४ च्या सुमारास असे संगणकी लिमिटर आले, की टोक येण्याच्या आधीच ते त्याला ओळखून आडवे करीत. मग चढाओढ लागली. त्याने एक बोट वर भरले, तर याने दोन. २००८ साली मेटॅलिका या अमेरिकी वाद्यवृंदाची 'डेथ मॅग्नेटिक' ही ध्वनिमुद्रिका निघाली. ती इतकी कोंबून भरली होती, की आवाज फाटतो अशी तक्रार त्यांच्या चाहत्यांनीच केली. तीच गाणी एका व्हिडिओ खेळात कमी आवळलेली होती आणि लोकांना तीच बरी वाटली! अति आवळले तर मोळीतला ऊसच चेंगरतो आणि रस वाटेतच सांडतो. गाण्याचा रस म्हणजे तरी काय? हळू आणि जोरात, यांतला फरकच ना?

यावर अखेर जगाला शहाणपण सुचले. २००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने आवाज मोजण्याची एक रीत ठरवून दिली. ती टोक मोजत नाही, कानाला जाणवतो तसा सरासरी आवाज मोजते. २०१० साली युरोपातल्या नभोवाणी संस्थांनी उणे २३ ही पातळी ठरवली. आज मोबाईलवर गाणी ऐकवणाऱ्या मोठ्या सेवा पुष्कळदा सगळी गाणी उणे १४ च्या आसपास आणून ठेवतात. म्हणजे कोणी कितीही कोंबून आणले, तरी त्याला खाली ओढतात. कोंबणाऱ्याच्या हाती फक्त चेंगरलेला ऊस राहतो.

मग मुलींच्या गाण्याचे काय करावे? खर्च फार नाही. शिक्षक मंडळींनी हे टिपून ठेवावे.

पहिले, खोली. उघड्या भिंतींवरून आवाज घुमून परत येतो आणि तो घुमारा नंतर काढता येत नाही. भिंतीला दोन-तीन गोधड्या टांगा, खाली सतरंजी टाका. पंखा बंद करा.

दुसरे, जागा. गाणाऱ्या मुली मोबाईलपासून दोन वितींवर, टाळ त्यांच्या मागे, ढोलकी तीन-चार हात दूर. जुन्या कर्ण्यासमोर गवई पुढे-मागे होत, तीच ही युक्ती. निम्मे काम इथेच होते.

तिसरे, मुद्रित करताना आवाज वेशीला लावू नका. काटा किंवा पट्टी लाल झाली, की आवाज फाटलाच समजा, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. थोडी जागा मोकळी ठेवा. आवाज नंतर वाढवता येतो.

चौथे, संगणकावर किंवा मोबाईलवर आवाज सुधारण्याची फुकट साधने मिळतात. त्यात आधी अगदी खालची घूं-घूं कापून टाका. गळ्यात ती नसतेच, ती नुसती गाडीतली जागा खाते. मग काँप्रेसरने टोके हलकेच आवळा. तीन-चार डेसिबलच, जास्त नको. शेवटी लिमिटर लावून वेशीच्या एक डेसिबल खाली रेषा ठरवा आणि सगळा आवाज उचला. उणे १४ च्या आसपास पोहोचलात की थांबा.

पाचवे, बाजारातल्या एका गाण्याशी तुलना करा, पण दोन्हींचा आवाज सारखा करून. नाहीतर कानाची ती जुनी खोड तुम्हाला फसवील. आणि तुलना झाली की स्वतःला एकच विचारा: मुलींचे शब्द कळतात का?

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आवाज मोठा करणे आणि कान फोडणे, यांत अंतर आहे. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, पण त्यासाठी शक्ती दसपट लागते, आणि ती सगळी शेवटी कानाच्या पडद्यावर येऊन आदळते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांहून जास्त ऐकू नये, आणि लहान मुलांसाठी हीच मर्यादा ७५ ची. कानातल्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आपल्या देशात २००० सालापासून नियम आहे, की रहिवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही हद्द. सणासुदीला सरकारने खास सूट दिली नसेल, तर रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा नाही. वरातीत, मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर लावतात, तेव्हा शेजारच्या घरात तान्हे मूल असते, दुखणाईत म्हातारा असतो आणि उद्याचा पेपर असलेली पोरगीही असते. पुढे नाचणाऱ्या पोराचे कानही त्याला आयुष्यभर पुरवायचे असतात.

शाहिराने आवाज पडू दिला नाही, कारण शेवटच्या माणसापर्यंत शब्द जायचा होता. नभोवाणीच्या अभियंत्याने काटा सांभाळला, तोही त्याचसाठी. शब्द पोहोचावा एवढाच आवाज मोठा करायचा, ही जुनी रीत आजही पुरते.

तेव्हा येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर गुरुजींनी, बाईंनी गोधड्या घेऊन यावे. ढोलकीवालीला चार हात मागे बसवावे आणि त्या मुलींना पुन्हा एकदा गायला सांगावे. या खेपेला मागच्या रांगेतून कोणी "आवाज वाढवा" म्हणून ओरडू नये, एवढेच पाहा. गाणे त्यांचे पहिल्यापासूनच चांगले होते.